पोरांच्या केंद्रातली कुऱ्हाड

छबुबाईनं सकाळी सात वाजता फाटक उघडलं, तेव्हा पाण्याच्या टाकीजवळ वैष्णवी पडलेली होती. तोंड मातीत, एक चप्पल पायात, दुसरी लांब. डोक्याची मागची बाजू फुटली होती आणि केसांत रक्त वाळून घट्ट झालं होतं. डोक्यापासून हातभर अंतरावर कुऱ्हाड होती.

छबुबाई ओरडली नाही. ती पाठ न फिरवता फाटकापर्यंत मागं मागं गेली, तिथं बसली आणि तिला उलटी झाली.

पाटोद्यापासून चार किलोमीटरवर, माळावर हे केंद्र. पाटीवर ‘पालकत्व व बालवर्तन संशोधन केंद्र’ असं लांबलचक नाव, पण लोक नुसतं पोरांचं केंद्र म्हणतात. आईबाप पोरांशी कसे वागतात आणि पोरं त्यावर काय करतात, याचा तिथं अभ्यास चालतो. मारल्यानं पोर सुधारतं की बिघडतं, हा त्यातला मुख्य प्रश्न. अशा जागी नोंदी घेणाऱ्या सव्वीस वर्षांच्या मुलीचं डोकं फोडलेलं सापडलं, आणि आठ वाजायच्या आत गावाला दुसरा विषय उरला नाही.

उपनिरीक्षक सत्यशीला गर्जे पावणेआठला पोचली. पाच मिनिटांनी तिचे साहेब, निरीक्षक अर्जुनराव आले. तेवढ्या वेळात केंद्राचे संचालक डॉक्टर मोहनराव यांनी खुनी कोण ते सांगूनही टाकलं होतं.

“करंजवस्तीचा बजरंग. मेंढपाळ आहे. काल दुपारी फाटकात येऊन धमकी देऊन गेला. ही कुऱ्हाड त्याचीच.”

“धमकी कशावरून?” सत्यशीलानं विचारलं.

“तो मुलीला मारतो. चार वर्षांची मुलगी, मोहिनी. गृहभेटीच्या नोंदींत दहा वेळा आलंय. कायद्यानं आम्हाला बाल कल्याण समितीला कळवावं लागतं. समितीनं नोटीस काढली. आज संध्याकाळी मुलीला बालगृहात नेणार आहेत. त्याचा राग.”

अर्जुनरावांना अशी प्रकरणं आवडत. धमकी आहे, हत्यार आहे आणि माणूस गरीब आहे. ते लगेच करंजवस्तीकडं निघाले.

पोलिसांच्या आधी तिथं गर्दी पोचली होती. वीस-पंचवीस जणांनी बजरंगच्या घराचं दार लाथांनी पाडलं होतं. त्याला ओढून अंगणात आणलं होतं आणि ज्याला जागा मिळेल तो त्याला लाथ घालत होता. मोहिनीसाठी आणलेलं एक कोकरू अंगणात बांधलेलं होतं. कुणीतरी दगडानं त्याचं डोकं ठेचलं होतं. बजरंगची आई साखराबाई नातीला पोटाशी धरून कणगीमागं दडली होती. पोरीचे डोळे मात्र उघडे होते आणि ते सगळं बघत होते.

पोलिसांनी बजरंगला गर्दीतून सोडवलं आणि ठाण्यात नेऊन पुन्हा मारायला सुरुवात केली.

“कावून मारलं बे तिला?” अर्जुनरावांच्या हातात पट्टा होता.

“म्या न्हाई मारलं, साहेब.”

“कुऱ्हाड कुणाची?”

“माझीच हाय. पर ती काल त्यांनीच ठिवून घेतली. फाटकात. म्हन्ले, उद्या येऊन घेऊन जा.”

“म्हणजे कुऱ्हाड आपल्या पायानं चालत गेली?”

पट्टा बसला. मग बूट. बजरंगचा उजवा हात फरशीवर होता. बुटाची टाच त्याच्यावर पडली तेव्हा बोटांचा आवाज दारात उभ्या सत्यशीलाला ऐकू आला. बाहेर बाकड्यावर साखराबाई नातीचे कान दाबून बसली होती.  बारा वर्षांच्या नोकरीत सत्यशीला अशा दारात पुष्कळदा नुसती उभी राहिली होती, आणि दर वेळी तिला स्वतःची लाज वाटली होती.

आज ती एवढंच म्हणाली, “साहेब, कुऱ्हाडीचं काय म्हणतोय ते एकदा बघून येते.”

“बघा की. पाचच्या आत बघा. पाचला समितीची गाडी येतीय पोरीला न्यायला. ते एक झालं की याला उद्या कोर्टात उभा करतो.”

दहा वाजले होते. हवालदार आप्पाराव यांना घेऊन सत्यशीला केंद्रावर परतली.

छबुबाई ओट्यावर बसली होती. पंधरा वर्षं तिनं इथली खेळणी धुतली होती. वैष्णवी तिला घरून डबा आणायची.

“छबुबाई, बजरंगची कुऱ्हाड काल कुणी घेतली?”

“म्याच घेतली. वैष्णवीताई म्हन्ली, राग हाय त्याला, आत ठिवा. म्या आफिसात कपाटामागं ठिवली.”

“परत दिली?”

“न्हाई. तसाच गेला त्यो.”

“तुम्ही किती वाजता निघालात?”

“साडेपाचला. ताई एकलीच हुती. उद्याची मांडामांड करून जाते म्हन्ली.”

“चाव्या कुणाकडं असतात?”

“एक माझ्याकडं. बाकी डॉक्टरसाहेब, ताई, क्यामेऱ्याचे अभिमन्यूदादा आन् गावं फिरणारे अमरसिंहदादा.”

सत्यशीलानं आप्पारावांकडं बघितलं. कुलूप तुटलेलं नव्हतं. कुऱ्हाड ऑफिसातून बाहेर आणणारा माणूस चावीवाला होता, किंवा वैष्णवीनं ज्याला आत घेतलं तो होता. बजरंगला ती एकटी असताना आत घेईल, हे पटण्यासारखं नव्हतं.

“तो ओरडत होता ते शब्द आठवतात?”

“लई आरडला. ‘आमी हितं नव्हतोच, तुमी कुनाला बघितलं बे?’ आसं डॉक्टरसाहेबाला म्हन्ला. ‘पोरीला हात लावला तर एकेकाचं मुंडकं तोडीन.’ समदे मागं सरले. ताईच तेवढी म्होरं गेली. त्याला काय काय पुसत हुती.”

“काय विचारत होती?”

“म्या लांब हुते. ऐकू न्हाई आलं.”

“आज सकाळी काही वेगळं दिसलं?”

छबुबाईनं पदरानं नाक पुसलं. “खेळघरातल्या मॅटा वल्ल्या हायत. म्या त्या शुक्रवारी धुते. आज तर बेस्तरवार.”

खेळघर म्हणजे बारा बाय बाराची खोली. एका भिंतीत मोठा आरसा. तो आतून आरसा दिसतो, पलीकडच्या अंधाऱ्या खोलीतून मात्र काचेसारखं सगळं दिसतं. त्या खोलीत बसून वैष्णवी नोंदी घ्यायची. आईनं पाटावर बसायचं, पोरानं खेळायचं, आणि आरशामागच्या माणसानं पोर कशाला हात लावतं, कधी आईकडं बघतं, ते मिनिटामिनिटाला लिहायचं. खेळणी ठरलेल्या जागी ठेवायची. जमिनीवर खुणा नाहीत, कारण पोरं खेळायचं सोडून खुणाच उकरत बसतात. सगळं डोक्यात ठेवायचं आणि संध्याकाळीच दुसऱ्या दिवसासाठी मांडून जायचं, अशी इथली रीत.

आज खोली नीटनेटकी होती. खिडकीखाली लाकडी बैलगाडी, दाराशी चिंधीची बाहुली, आरशापाशी ठोकळे आणि बरोबर मधोमध डफ. फिनेलचा वास होता. सत्यशीलानं मोबाइलवर चारपाच फोटो काढले. मग गुडघे टेकून एक रबरी मॅट उचलली. वरून लख्ख होती. दोन मॅट जिथं एकमेकींत अडकतात, तिथल्या खाचेत काळपट लाल रेघ होती.

तिनं पाट उचलला. सागवानी, जड, ओला. उलटा केला. खालच्या आडव्या पट्टीच्या फटीत रक्त होतं आणि त्यात दोन लांब केस.

“आप्पाराव, ती टाकीजवळ मेली नाही. इथं मेली.”

आप्पारावांनी टोपी काढली. “आरं देवा. पोरांच्या खेळायच्या खोलीत?”

तेवढ्यात शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा फोन आला. त्यांनी मोजकं सांगितलं. तीन घाव. सरळ, चार बोटं लांबीचे, रुंद कडेचे. पहिला मागून, ती उभी असताना. उरलेले दोन ती पडल्यावर. कुऱ्हाडीचा एकही नाही. कुऱ्हाडीला रक्त होतं, पण केस नव्हता. रक्त नुसतं माखलेलं. मृत्यू संध्याकाळी सहा ते आठच्या दरम्यान.

सत्यशीलानं डोळे मिटले. पडलेल्या माणसावर दोन घाव. वैष्णवी तिच्या धाकट्या बहिणीच्या वयाची होती.

तिनं एकेकाला बोलावलं. आधी अभिमन्यू. तो कॅमेऱ्याच्या खोलीत बसायचा. दाढी वाढलेली, डोळे सुजलेले.

“कॅमेऱ्यात काही आलं असेल?”

“नाही मॅडम. चारला शेवटचं सत्र संपलं की कॅमेरे बंद करतो. पाचच्या जीपनं पाटोद्याला गेलो. नऊपर्यंत तालमीत होतो, तिथं चाळीस जण होते.”

भिंतीवर खेळघराचा एक मोठा फोटो चिकटवलेला होता. खाली सोमवारची तारीख.

“हा कशाचा?”

“नव्या मांडणीचा. आधी पोरं आत आली की थेट डफाकडं पळायची, आईकडं बघायचीच नाहीत. डॉक्टरांनी पुण्याहून फोनवर सांगितलं, मांडणी बदला. सोमवारी दुपारी वैष्णवीनं आणि मी बदलली. आता चारी खेळणी भिंतींना, मधली जागा मोकळी. तेव्हापासून नऊ सत्रं झाली.” त्याचा आवाज फाटला. “एकही चूक करायची नाही ती.”

सत्यशीलानं त्या फोटोचाही मोबाइलवर फोटो काढला.

मग मोहनराव आले. साठीचे गृहस्थ, सारखा घाम पुसणारे.

“आपण काल संध्याकाळी कुठं होतात?”

“घरी. एकटाच. सोमवार-मंगळवार पुण्याला परिषद होती, काल दुपारी परतलो तर फाटकात हा गोंधळ.”

“वैष्णवी नंतर काही बोलली?”

“सर, जरा बोलायचंय, म्हणाली. मी म्हटलं उद्या.” त्यांनी मान खाली घातली. “दमलो होतो हो.”

“आपल्याकडं चावी आहे, आणि काल संध्याकाळचा साक्षीदार नाही.”

“म्हणजे तुम्ही माझ्यावर...” ते उठलेच. “बजरंग सोडून माझ्यामागं लागताय? केंद्र उभं करायला माझी अठरा वर्षं गेली!”

शेवटी अमरसिंह. पस्तिशीचा, मृदू बोलणारा. आधी वर्षभर तो खेळघरातच होता, मग त्याला गृहभेटींचं काम मिळालं. सोमवार ते गुरुवार गावोगावी घरात तासभर बसायचं, आईबाप पोरांशी कसे वागतात ते लिहायचं आणि शुक्रवारी नोंदी केंद्रावर द्यायच्या. जिल्ह्यात त्याच्याइतक्या भेटी कुणाच्याच नव्हत्या. गावोगावी ‘पोरांना मारू नका’ म्हणून व्याख्यानंही तोच द्यायचा.

“वैष्णवीचा शेवटचा फोन तुम्हाला आहे. पाच वाजून दहा मिनिटांनी. चार मिनिटं.”

“हो.” त्याचे डोळे भरले. “म्हणाली, दादा, तो बजरंग कुऱ्हाड घेऊन आला होता, आम्ही ती ऑफिसात ठेवून घेतली; त्याच्या घरी आता एकटे जाऊ नका. माझी काळजी करत होती, आणि स्वतः मात्र...”

“तेव्हा कुठं होतात?”

“भेटी आटपून परत येत होतो. रस्त्यात गाडी पंक्चर झाली. साडेआठला घरी पोचलो. मॅडम, मी ते घर दहा वेळा बघितलंय. त्या माणसाचा हात लई जड आहे. पोरीला सोडवा.”

सत्यशीलानं मान हलवली आणि त्याला जाऊ दिलं.

वैष्णवीच्या टेबलावर बजरंगच्या घराच्या दहा नोंदी एकावर एक ठेवलेल्या होत्या. दिवाळीनंतरच्या आठवड्यापासून मागच्या सोमवारपर्यंत. “वडिलांनी मुलीला काठीने मारले. आई चुलीपाशी.” “वडिलांनी मुलीच्या तोंडात मारली. मुलगी दाराआड.” प्रत्येक तारखेवर पेन्सिलीनं बारीक खूण होती. खुणेचा अर्थ काही कुठं लिहिलेला नव्हता.

“तारखांवरच का खुणा केल्या असतील?” सत्यशीलानं विचारलं.

 उत्तर फाटकात ओरडून झालं होतं. सगळ्यांना मुंडकं तोडीन एवढंच ऐकू गेलं होतं. वैष्णवी त्याच्याआधीचं वाक्य ऐकून पुढं गेली होती.

ठाण्यात परत येऊन सत्यशीला साखराबाईशेजारी बाकड्यावर बसली. आतून आता बजरंगचा आवाज येत नव्हता, नुसतं कण्हणं येत होतं.

“आजी, दिवाळीपासून तुम्ही कुठं होता?”

“गोदाकाठाला. पाडव्याच्या दुसऱ्याच दिशी मेंढरं घेऊन समदे गेलतो. दरसाल जातो. गेवराईकडच्या रानांत मेंढरं बसवतो, शेतकरी ज्वारी देत्यात. हितं घराला कुलूप.”

“मग आत्ता कसे आलात?”

“भावकीतल्या पोरानं फोन केला, दाराला नोटीस डकवली म्हणून. सून मेंढरांमागं ऱ्हायली. आमी तिघं मंगळवारी आलो. बाई, माझ्या लेकानं पोरीवर कदीच हात उगारला न्हाई. मग त्या कागदावर कुनाचा हात हाय?”

सत्यशीलानं गेवराईकडच्या त्या शेतकऱ्याचा नंबर घेतला आणि तिथल्या तिथं फोन लावला. तो म्हणाला, अडीच महिने झाले, बजरंगची मेंढरं माझ्याच रानात आहेत आणि मंगळवारपर्यंत माणसंही होती. मोहिनी नावाची बारकी पोर माझ्या नातीबरोबर खेळायची. आप्पाराव करंजवस्तीवर जाऊन आले. शेजारच्या तीन घरांनी पाडव्यापासून कुलूप असल्याचं सांगितलं.

साडेतीन वाजले होते. सत्यशीला अर्जुनरावांपुढं उभी राहिली.

“साहेब, एक तास द्या. केंद्रावर चला. खेळघरात पाटाला रक्त आणि केस मिळालेत. मी चुकले तर माझ्याबद्दल वर लिहून द्या.”

रक्त म्हटल्यावर अर्जुनरावांना यावंच लागलं.

आरशामागच्या अंधाऱ्या खोलीत ती, अर्जुनराव आणि आप्पाराव बसले. खेळघरातली चारी खेळणी तिनं एका टोपलीत टाकून मध्ये ठेवली होती. दारावरच्या शिपायानं एकेकाला आत सोडायचं आणि एवढंच सांगायचं, “उद्याच्या सत्रासाठी मांडतात तसं मांडा.”

अभिमन्यू आला. दोन मिनिटांत मांडून गेला. ठोकळे दाराशी, बाहुली खिडकीखाली, गाडी आरशापाशी, डफ चौथ्या भिंतीला. मधली जागा मोकळी.

पुन्हा टोपली. मोहनराव आले. ते घोटाळले. गाडी आणि बाहुलीची अदलाबदल केली, पुन्हा सरळ केली. पण त्यांनीही मध्ये काही ठेवलं नाही.

“हे काय पोरखेळ लावलेत, गर्जे?” अर्जुनराव कुजबुजले.

“आणखी एकच, साहेब.”

अमरसिंह आला. टोपली उचलली आणि झरझर मांडू लागला. सवयीचा हात होता. खिडकीखाली बैलगाडी, दाराशी बाहुली, आरशापाशी ठोकळे. डफ त्यानं बरोबर मधोमध ठेवला, एक पाऊल मागं सरून बघितला, जरासा सरळ केला.

सत्यशीलानं सकाळचा मोबाइलवरचा फोटो अर्जुनरावांपुढं धरला. त्यांनी फोटोकडं बघितलं, मग काचेकडं बघितलं.

सगळ्यांना खेळघरात बोलावलं. अमरसिंह खिडकीपाशी उभा राहिला. छबुबाई दारात.

“वैष्णवीचा खून या खोलीत झाला,” सत्यशीला म्हणाली. “त्या पाटानं. झटापटीत खेळणी विस्कटली. खुन्यानं मॅट पुसल्या, पाट धुतला, तिला उचलून टाकीजवळ नेलं आणि बजरंगची कुऱ्हाड रक्तात बुडवून शेजारी टाकली. कुऱ्हाड आत आहे हे बाहेरच्या कुणाला माहीत नव्हतं. म्हणजे माणूस आतला.

“जाताना त्यानं खेळणी पुन्हा मांडली. विस्कटलेली ठेवली असती, तर सकाळी सगळ्यांची नजर आधी या खोलीवर गेली असती. मांडली, पण मध्ये डफ ठेवून, जुन्या पद्धतीनं. सोमवारपासून मधली जागा मोकळी ठेवतात. वैष्णवीनं तशी चूक केली नसती, मांडणी तिनंच बदलली होती. छबुबाई मांडत नाहीत. अभिमन्यू तीन दिवस तीच बघतोय आणि काल रात्री तालमीत होता. डॉक्टर इथं नव्हते, पण नवी मांडणी त्यांचीच. एकच माणूस सोमवारपासून इथं आला नव्हता, आणि जुनी मांडणी त्याला पाठ होती. आत्ता आम्ही तिघांनी आरशामागून बघितली.”

अमरसिंह हसला. “मॅडम, मला सांगितलं नाही कुणी, म्हणून मी जुनं मांडलं. त्यात खून कुठं आला?”

“सकाळी हेच मांडलेलं सापडलं, त्यात आला. आणि दहा नोंदींत आला. दिवाळीच्या पाडव्यापासून बजरंगच्या घराला कुलूप होतं. माणसं गेवराईकडं मेंढरांमागं होती. तुम्ही मात्र दर सोमवारी त्या बंद घरात तासभर बसलात. तुम्हाला आई चुलीपाशी दिसली, बाप काठीनं मारताना दिसला.”

मोहनराव भिंतीला टेकले. “अमरसिंह?”

“अभ्यासाला मारणारी घरं हवी होती,” सत्यशीला म्हणाली. “खरी घरं शोधायची तर रोज हिंडावं लागतं, आणि ज्याच्यावर खोटं लिहाल तो भांडायला येतो. कुलूप लावून गेलेला मेंढपाळ भांडायला येत नाही. पण नोटीस दाराला लागली आणि बजरंग आला. तो ओरडत होता, आमी हितं नव्हतोच. इतक्या शिकलेल्या माणसांत ते ऐकलं एका वैष्णवीनं. तिनं तारखा काढल्या, खुणा केल्या. डॉक्टरांनी उद्या बोलू म्हटल्यावर तिनं तुम्हाला फोन केला. आता एकच खरं सांगा. ती काय म्हणाली?”

अमरसिंहचा चेहरा आधी पांढरा पडला, मग लाल झाला. त्यानं खाली वाकून बैलगाडी उचलली आणि काही कळायच्या आत सत्यशीलावर घातली. ती वळली म्हणून डोकं वाचलं. चाक गालफडावर बसलं, कातडी फाटली. आप्पाराव मध्ये आले तर दुसरा फटका त्यांच्या दंडावर. मोहनराव ओरडत बाहेर पळाले. अमरसिंहनं तिसऱ्यांदा हात उचलला तेव्हा अभिमन्यूनं त्याच्या कमरेला मिठी मारली आणि दोघं आरशावर आदळले. आरसा मधोमध तडकला. सत्यशीलानं त्याचा हात पाठीमागं मुरगाळला आणि गुडघा पाठीत रोवला.

“माफी माग म्हन्ली!” तो मॅटमध्ये तोंड खुपसून किंचाळत होता. मृदू बोलणं कुठल्या कुठं गेलं होतं. “त्या मेंढक्याच्या घरी जाऊन, त्याच्या पोरीपुढं हात जोड म्हन्ली! मी? जिल्हाभर लोक मला बोलवत्यात! पाठ फिरवली तिनं माझ्याकडं, मांडाया लागली आपली खेळणी... मी बोलतोय आन् पाठ फिरवती!”

दारात छबुबाई उभी होती. ती आत आली, खाली वाकली आणि अमरसिंहच्या तोंडावर थुंकली. कुणीही तिला अडवलं नाही.

पाचला समितीची गाडी ठाण्यापुढं आली. सत्यशीलाच्या गालाला सहा टाके पडले होते. तिनं दहा नोंदी खोट्या असल्याचं लेखी दिलं, सोबत शेतकऱ्याचा आणि शेजाऱ्यांचा जबाब जोडला. गाडीतल्या बाईंनी सगळं वाचलं, मोहिनीकडं बघितलं आणि गाडी रिकामी परत गेली.

बजरंगला बाहेर आणलं. एक डोळा मिटलेला, ओठ फाटलेला, उजव्या हाताला फळी बांधलेली. तो धडपडत बाकड्याजवळ आला, खाली बसला आणि डावा हात पुढं केला.

“ये, मोहिने.”

मोहिनी आजीच्या लुगड्याआड सरकली. तो आणखी पुढं झाला तशी तिनं दोन्ही हात डोक्यावर धरले आणि अंग आक्रसून घेतलं.

बजरंग तिथंच थांबला. त्याला रडू आलं, पण फाटलेल्या ओठांमुळं नीट रडताही येईना.

“बघितलं का, बाई?” साखराबाई म्हणाली. “चार वरसं झाली, या पोरीला मार म्हंजी काय ठाऊक नव्हतं. आज सकाळधरनं शिकली. आदी आमच्या दारात, मंग तुमच्या हितं.”

आतून अर्जुनरावांनी हाक मारली. “गर्जे, खुनी सापडला, बरं झालं. त्या मेंढक्याला जीपनं घरी सोडा. पडला म्हणावं. विषय मिटवा.”

सत्यशीलानं टेबलाचा खण उघडला आणि कोरा कागद घेतला.

“आजी, तक्रार लिहायची का?”

“कुनाची?”

“ज्यांनी मारलं त्यांची. वस्तीवर चालून आलेल्या लोकांची, आणि इथल्यांची.”

साखराबाईनं आतल्या दाराकडं बघितलं. “तुमच्याच सायबाची? तुमी लिवताल?”

“लिहीन. इथं नाही घेतली तर उद्या बीडला वरच्या साहेबांच्या हातात देईन.”

तिनं खुर्ची ओढली. निरीक्षक अर्जुनरावांचं पूर्ण नाव लिहिलं, पट्टा लिहिला, बूट लिहिला, उजव्या हाताची बोटं लिहिली. आप्पाराव शेजारी येऊन वाचत उभे राहिले. वाचता वाचता त्यांनी एकदा आतल्या दाराकडं बघितलं आणि ते हळूच लोटून घेतलं.

“मॅडम,” ते म्हणाले, “मारताना बघितलं कुनी? साक्षीदार कोन लिवायचा?”

“मी दारातच उभी होते,” सत्यशीला म्हणाली, आणि खाली स्वतःचं नाव लिहिलं.